रंगाआधी खाली काय आहे ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनं फर्निचर घरच्या घरी कसं रंगवायचं यावर पान आलं होतं. फोटो फार छान होते, पण पॉलिश पेपर मारा आणि रंग लावा एवढ्यावरच सगळं उरकलं होतं आणि खरी रडकथा तिथूनच सुरू होते, म्हणून लिहितेय.

सासूबाईंचं सागवानी कपाट आहे, साठेक वर्षांचं. एप्रिलमध्ये मी ते पांढरं करायला घेतलं, आधी वॉटर-बेस प्रायमर आणि वर पांढऱ्याचे दोन हात. संध्याकाळी कपाट दुधासारखं दिसत होतं आणि सकाळी उठून बघते तर दारावर चहा सांडल्यासारखे पिवळट तपकिरी डाग! तिसरा हात मारला, चौथा मारला, डाग परत वर. एक दुकानदार म्हणाला प्रायमर बदला, दुसरा म्हणाला रंगच डुप्लिकेट असणार, पण लाकडावर आधी काय लावलंय हे दोघांनीही विचारलं नाही.

शेवटी आमच्या आळीतल्या एका जुन्या पॉलिशवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी डागांकडे बघितलं सुद्धा नाही. दार उघडून आतल्या बाजूला, जिथे मी रंग लावला नव्हता तिथे, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मिनिटभर दाबून धरला. कापूस तपकिरी झाला आणि बोट चिकटायला लागलं. म्हणाले, "वहिनी, हे चपड्याचं पॉलिश आहे, रंग घालून केलेलं." चपडा म्हणजे लाख, ती स्पिरिटने सुटते. स्पिरिटने काही झालं नाही तर मग थिनर लावून बघायचं, त्याने विरघळलं तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये कालवून मारायचं पटकन वाळणारं पॉलिश, सुरकुत्या येऊन साल सुटली तर तेलाचा रंग नाहीतर वार्निश, आणि दोन्हींना दाद दिली नाही तर बहुतेक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश. दोन-पाच मिनिटांचं काम आहे हो, पण ते केल्याशिवाय कुणी ब्रश डब्यात बुडवूच नये असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण तेलाच्या जुन्या रंगावर लॅकर मारला की सगळं फुगून वर येतं आणि मेण असलेल्या चपड्यावर पीयू नीट धरत नाही, नखाने पापुद्रे निघतात.

माझ्या डागांचं कारण तेच. सागाच्या अंगातला आणि जुन्या पॉलिशमधला रंग पाण्याने सुटून वर येत होता, त्यामुळे पांढऱ्याचे दहा हात मारले असते तरी फरक पडला नसता. उपाय पण चपड्याचाच निघाला. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून बाटली आठवडाभर अजिबात हलवायची नाही, मेण तळाला बसतं, वरचं नितळ तेवढंच घ्यायचं, त्याचे दोन पातळ हात आणि मग रंग. बाटलीवर तारीख लिहून ठेवा, वर्षभर पडून राहिलेला चपडा धड वाळतच नाही, चिकट राहतो.

पावसाळ्यात मात्र पॉलिशचं काम काढू नका. आमच्याकडे चिपळूणला तर नकोच नको. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि पॉलिशवर धुकं धरल्यासारखी पांढरी झाक येते. ती आली म्हणून घाबरून सगळं खरवडू नका, चांगली उघडीप मिळाली की स्पिरिटचा बोळा अगदी हलक्या हाताने फिरवा, बहुतेक वेळा जाते. आणि आजोबांची आरामखुर्ची असेल तर डोकं टेकायची पट्टी आधी थिनरने पुसा, दर वेळी नवीन फडकं घेऊन, कारण तिथे वर्षानुवर्षांचं खोबरेल मुरलेलं असतं, ते कधी वाळत नाही आणि त्याच्यावर वार्निश टिकत नाही.

आता ज्याच्यासाठी मुद्दाम पत्र लिहायला बसले ते. नातवंड येणार म्हटलं की माळ्यावरचा जुना रंगीत पाळणा खाली काढतात आणि घरातच खराखरा घासायला घेतात. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे लागू झाला नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीच्या तेलाच्या रंगात कितीतरी जास्त शिसं असू शकतं. ती घासलेली धूळ बाळाच्या हाताला लागते, हातातून तोंडात जाते, आणि शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवरच परिणाम होतो. असा पाळणा कोरडा घासूच नका, पेपर ओला करून, घराबाहेर, चांगला मास्क लावून घासा आणि लगदा ओल्या फडक्याने टिपून फडक्यासकट टाकून द्या. घरात गरोदर बाई असेल तर तिला या कामाच्या आसपासही येऊ देऊ नका. पाळणा नवा घेणं जमत असेल तर उत्तमच.

दिवाळीआधी घरोघरी रंगकाम निघेल, तेव्हा पाळण्याबद्दल एवढी एक चौकट पुरवणीत नक्की छापा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, चिपळूण