माफ झालेला बाँड

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात वहिनींबरोबर तहसील कचेरीत गेलो होतो. थोरले बंधू वारले. त्यांच्या दीड एकरावर वारसांची नावे लावायची, त्यासाठी तलाठ्याकडे द्यायचे प्रतिज्ञापत्र कचेरीत करून घ्यायचे होते. टेबलावरच्या तरुणाने मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ नीट बघितले आणि प्रतिज्ञापत्र तेवढे परत सरकवले. म्हणाला, "काका, साध्या कागदावर चालत नाही. पाचशेचा बाँड लागतो."

कचेरीचे आणि तालुक्याचे नाव लिहीत नाही. एक तर तो पोरगा शब्दाने वाकडा वागला नाही. दुसरे म्हणजे त्याच्या जागी बसून हेच उत्तर मी बारा वर्षे दिले आहे.

मी 1981 साली महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि 2016 साली अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क राज्य सरकारने 1 जुलै 2004 च्या अधिसूचनेने माफ केले. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला, काहीही असो, प्रतिज्ञापत्राला बाँड लागत नाही. मुद्रांक अधिनियमाच्या कलम 9 ने सरकारला तो अधिकार दिलेला आहे, त्यामुळे विधानसभेत जायचीही गरज पडली नाही. अधिसूचना निघाली की कायदा झाला.

आमच्या कचेरीत तो कागद आला. आवक नोंदवहीत चढला. साहेबांची सही झाली आणि स्थायी आदेशांच्या संचिकेत मी तो स्वतःच्या हाताने टाचला. आमच्या खात्यात सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. प्रलंबित कागद वेगळे, प्रतीक्षेतले वेगळे, नष्ट करायचे वेगळे, तशीच स्थायी आदेशांचीही संचिका वेगळी. वरिष्ठांच्या तपासणीत त्या संचिकेबद्दल माझे कौतुकही झाले, कारण अनुक्रमणिका पूर्ण होती. आतला आदेश टेबलावर पाळला जातो का, हे तपासणीच्या नमुन्यात कुठेच विचारलेले नव्हते. दुसऱ्या दिवशीही मी समोरच्या माणसाला म्हणालो, "शंभराचा बाँड घेऊन या."

का म्हणालो? पैसे खायचे नव्हते. बाँडचे शंभर रुपये सरकारी तिजोरीत जातात, कारकुनाच्या खिशात नाही. एक कारण असे की मला काम शिकवणाऱ्या भाऊसाहेबांनी तसे शिकवले होते. बाँडवर लिहिले की माणूस खोटे बोलायला कचरतो, असे ते म्हणत. (खोटे बोलणाऱ्याला शंभर रुपये जड जात नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असणार.) खरे कारण लेखापरीक्षणाचे. शुल्क कमी घेतले तर आक्षेप निघतो, खुलासा द्यावा लागतो, वसुली अंगावर येते. जे घ्यायचेच नव्हते ते मागितले, असा आक्षेप निघालेला माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिला नाही. मग कारकून कोणत्या बाजूला चुकेल? मी त्याच बाजूला चुकलो.

2015 च्या मार्चमध्ये आणखी एक शासन निर्णय आला. कायद्याने जिथे बंधनकारक नाही तिथे प्रतिज्ञापत्रही मागू नका, अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती घ्या. तोही मी टाचला.

आता उलट बाजू सांगतो. 2024 च्या ऑक्टोबरात, विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या तोंडावर, सरकारने अध्यादेश काढला आणि जिथे शंभराचा मुद्रांक चालत होता तिथे पाचशेचा केला. अध्यादेश म्हणजे अधिवेशन चालू नसताना काढलेला कायदा. कोणा आमदाराने त्यावर दोन शब्द बोलण्याआधी तो लागू झालेला असतो. मी तेव्हा निवृत्त होतो, पण सकाळचा फेरफटका कचेरीवरूनच होतो. आठवडाही लोटला नसेल, फाटकाजवळच्या मुद्रांक विक्रेत्यापासून वडाखालच्या टायपिंगवाल्यापर्यंत आणि नोटरीपासून शिपायापर्यंत सगळे "आता पाचशे" म्हणत होते. कोणी म्हणाले नाही की आमच्याकडे अजून लेखी आलेले नाही. वीस वर्षांपूर्वीची माफी त्याच फाटकातून आत गेली होती, ती कपाटातून बाहेर आली नाही.

या वाढीवर ओरड झाली. मग 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना पाचशेचा मुद्रांक माफ केल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांत ठळक बातम्या आल्या. माझ्या मुलाने मोबाइलवर बातमी दाखवून विचारले, "बाबा, चांगला निर्णय ना?" मी त्याला काय सांगणार? जे 2004 मध्ये माफ झाले ते पुन्हा माफ करावे लागते, याचा अर्थ मधली वीस वर्षे ते कोणी ना कोणी भरतच होते. आणि मंत्र्यांनी सांगूनही आमच्या वहिनींच्या पुढ्यात पाचशेच आले.

मंत्रालयात कायदा करणाऱ्यांचा समज असा दिसतो की राजपत्रात छापले की काम झाले. माझा अनुभव असा की राजपत्र आणि टेबल यांच्यामध्ये एक लोखंडी कपाट असते. वाढीचा कागद त्याला वळसा घालून पुढे जातो, कारण वाढ न घेणाऱ्याला जाब द्यावा लागतो. माफीचा कागद आत राहतो, कारण माफी न देणाऱ्याला कोणी विचारत नाही.

यावर समिती नको, पोर्टलही नको. मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत घेणाराचे नाव आणि मुद्रांक कशासाठी घेतला ते लिहिलेले असते. कोणत्या तालुक्यात कचेरीतल्या प्रतिज्ञापत्रांसाठी किती मुद्रांक विकले गेले, ते सरकारच्याच दप्तरात आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या एका वर्षाच्या नोंदी मोजाव्यात आणि ज्या कचेरीसाठी ते घेतले गेले तिला खुलासा विचारावा. मुद्रांक मागायचाच असेल तर कारकुनाने मागणी लेखी द्यावी, कलमासह, सहीनिशी. माझ्या वेळी कोणी एकदा जरी "लिहून द्या" म्हटले असते, तर मी उठून ती संचिका काढली असती. कोणी म्हटले नाही. म्हणणार तरी कसे? पुढची सगळी कामे त्याच टेबलावर असतात.

तर त्या दिवशी मी 2004 च्या अधिसूचनेची छापील प्रत त्या पोरापुढे ठेवली. त्याने प्रामाणिकपणे वाचली. म्हणाला, "काका, हे आमच्याकडे आलेलंच नाही." मी त्याच्या पाठीमागच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणालो, "मधल्या फळीवर, डाव्या हाताला बघ. टाचणी मी मारली आहे." तो हसला. उठेल असे वाटले, तेवढ्यात वहिनींनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. येतानाच फाटकावर घेतलेला पाचशेचा बाँड.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा कायदा खरा असेल. पण मला उद्या परत एसटीनं यायला लावू नका."

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, जि. सातारा
(कृपया नाव छापू नये.)