तेलवाहिनीचे भवितव्य एका सहीवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘कीस्टोन एक्सएल’ ही तेलवाहिनी बांधली जावी, अशी इच्छा ट्रम्प यांनी २०२५ मध्ये जाहीर केल्यापासून तिच्यावरून पुन्हा वाद सुरू झाला आहे. या वादात हवामानाचे नाव सारखे घेतले जात असले, तरी त्याची खरी गाठ सीमारेषेत आहे, असे मला वाटते.

कॅनडातील हार्डिस्टीहून नेब्रास्कातील स्टील सिटीपर्यंत रोज ८ लाख ३० हजार बॅरल तेल नेऊ शकणारी ही वाहिनी देशाची सीमा ओलांडणार होती, म्हणून तिला राष्ट्राध्यक्षांचा परवाना हवा होता. ओबामांनी तो २०१५ मध्ये नाकारला, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये दिला आणि बायडेन यांनी २० जानेवारी २०२१ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, रद्द केला. याच योजनेतला ओक्लाहोमा ते टेक्सास हा टप्पा मात्र अमेरिकेच्या हद्दीतच असल्याने त्याला असा परवाना लागला नाही आणि जानेवारी २०१४ मध्ये, ओबामांच्याच कारकिर्दीत, तो सुरूही झाला.

नेब्रास्कातील शेतकऱ्यांच्या विरोधाला मी कमी लेखत नाही. त्यांची भीती भूजलाची होती, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जुनी कीस्टोन वाहिनी फुटून कॅन्ससमधील एका ओढ्यात सुमारे १३ हजार बॅरल तेल सांडले, तेव्हा ती अनाठायी नव्हती हे दिसलेच.

कॅनडाचे वागणेही असेच दुटप्पी आहे. तेथील संसदेने १७ जून २०१९ रोजी हवामान आणीबाणीचा ठराव केला आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने स्वतःच विकत घेतलेल्या ‘ट्रान्स माउंटन’ वाहिनीच्या विस्ताराला मंजुरी दिली. मुलीकडे बर्नबीला राहत असताना त्या वाहिनीच्या अवाढव्य टाक्या मला टेकडीच्या उतारावर दिसत. त्यांच्या खालच्या अंगाला लगेच घरे सुरू होतात. तेथून फिरून येताना तो ठराव आठवला की मन खिन्न होई.

एक वाहिनी अडवली की पर्यावरणवादी मतदार समाधानी होतो, ती मंजूर केली की तेलपट्ट्यातला; उपसा मात्र चालूच राहतो. बायडेन यांच्याच काळात, २०२३ मध्ये, अमेरिकेचे तेल उत्पादन रोज सरासरी १ कोटी २९ लाख बॅरल या विक्रमी पातळीवर गेले. तेव्हा परवान्याची बातमी छापताना शेजारी उत्पादनाचा हा आकडाही द्यावा, अशी आपणास विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे