अडीच हजार किलोमीटर नकोत, डोनेगॉलचा एक कोपरा बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आयर्लंडच्या सहलींचा विषय निघाला की 'वाइल्ड अटलांटिक वे'चे नाव हमखास येते. २०१४ साली आखून दिलेला हा किनारी मार्ग वायव्येकडच्या डोनेगॉल परगण्यापासून दक्षिणेला कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत सुमारे २,५०० किलोमीटर जातो. तो आठवड्यात उरकायचा तर रोज साडेतीनशे किलोमीटर वळणावळणाचा रस्ता कापावा लागतो आणि काचेतून दिसणाऱ्या समुद्रापलीकडे हाती काही लागत नाही. त्यापेक्षा नैऋत्य डोनेगॉलमधला किलिबेग्ज ते आर्डरा एवढाच तुकडा चार दिवस नीट बघावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

पहिली चूक तिथे पोहोचण्याआधीच होते. डब्लिनहून डोनेगॉल शहराला जाणारा जवळचा रस्ता एनिस्किलनवरून, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून जातो. तो भाग ब्रिटनचा आहे. सीमेवर नाका नाही, त्यामुळे आपण देश ओलांडला हे कळतही नाही. फक्त वेगमर्यादेचे फलक किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागतात. भारतीय पासपोर्टवर नुसता आयरिश व्हिसा असेल तर इथे जाता येत नाही. व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तर चालते. नसेल तर स्लायगोमार्गे जावे. वेळ थोडा जास्त लागतो, पण सगळा रस्ता प्रजासत्ताकातून जातो. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, हेही अजून अनेकांना माहीत नसते. डोनेगॉलमध्ये रेल्वे नाही. रेल्वेने स्लायगोपर्यंत येऊन पुढे बस घेता येते.

गाडी भाड्याने घेताना ऑटोमॅटिक गिअर हवा असेल तर आधीच सांगावे. पंपावर हिरवी नळी पेट्रोलची आणि काळी डिझेलची. टायर आणि काचा बहुधा मूळ विम्यात धरलेल्या नसतात, आणि अरुंद रस्त्यांवर दगडी कुंपणाला घासून नुकसान होते ते नेमके त्यांचेच. डोनेगॉल शहर ते ग्लेनकोलमकिल जेमतेम ५५ किलोमीटर, पण सव्वा तास धरावा. फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांची मर्यादा ८० वरून ६० किलोमीटरवर आणली आहे. मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या असतात. हा गेल्टाख्ट, म्हणजे आयरिश भाषकांचा मुलूख असल्याने फलकांवर नावे आयरिशमध्येच असतात. नकाशातले 'कॅरिक' इथे 'अन खॅरिग' होते. प्रत्येक मुक्कामाचे आयरिश नाव कागदावर लिहून ठेवावे.

कॅरिकजवळचे स्लीव्ह लीगचे कडे ६०१ मीटर उंच आहेत, मोहेरच्या प्रसिद्ध कड्यांच्या जवळजवळ तिप्पट. खालच्या वाहनतळापासून कडे बघायच्या सज्जापर्यंत सुमारे पाऊण तासाची चढण आहे. हंगामात छोटी बसही मिळते. सज्जाच्या पुढची 'वन मॅन्स पास' नावाची धार वाऱ्यात किंवा धुक्यात चढू नये. छत्रीचा इथे काही उपयोग नाही. टोपी असलेले जलरोधक जाकीट हवे. सज्जाजवळ जमिनीवर दगडांनी लिहिलेले 'एर' (EIRE, म्हणजे आयर्लंड) हे अक्षर-चिन्ह दुसऱ्या महायुद्धातले आहे. खाली तटस्थ देश आहे, हे वैमानिकांना कळावे म्हणून ते केले होते.

कारागिरीसाठी मात्र वेळ हात राखून देऊ नये. किलिबेग्जच्या वारसा केंद्रात हाताने गाठी मारून गालिचे विणायचा प्रचंड माग आहे. ही गालिच्यांची परंपरा १८९८ पासूनची. किलकार आणि आर्डरा ही ट्वीडची, म्हणजे जाडसर लोकरी कापडाची गावे. डोनेगॉल ट्वीडची ओळख म्हणजे कापडावरचे रंगीत ठिपके. लोकर पिंजताना अगदी शेवटी रंगीत लोकरीच्या बारीक गुठळ्या मिसळतात. लवकर टाकल्या तर त्या पिंजल्या जाऊन रंग एकजीव होतो आणि ठिपका उरत नाही. मागावरून उतरलेले कापड कडक आणि तेलकट असते. धुऊन, आटवून, दाबून झाल्यावरच त्याला अंग येते. स्कॉटलंडच्या बेटांवरच्या हॅरिस ट्वीडला १९९३ च्या कायद्याचे संरक्षण आहे. डोनेगॉलसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून कुठल्याही ठिपकेदार कापडावर हे नाव दिसू शकते. दुकानात तीन प्रश्न विचारावेत: सूत कुठे कातले, कापड कुठे विणले, हातमागावर की यंत्रमागावर? विणकर न कंटाळता सांगतात. भेट सोमवार ते शुक्रवार ठेवावी. शनिवार-रविवारी दुकान उघडे असले तरी माग बंद असू शकतो. घरी आणल्यावर गरम पाण्यात कधीही बुडवू नये, लोकर आटून नमद्यासारखी होते. आपल्या दमट हवेत कसर लागते, तेव्हा पावसाळ्याआधी ऊन दाखवून कडुलिंबाच्या पाल्यासह बंद ठेवावे.

ग्लेनकोलमकिलचे लोकग्राम, म्हणजे जुन्या घरांचे खुले संग्रहालय, १९६७ साली फादर जेम्स मॅकडायर यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी उभारले. गावातली माणसे देशोधडीला लागत होती, त्यांना इथेच काम मिळावे हा हेतू. शाकारलेल्या छपरांवरचे दोर वळचणीखाली भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधलेले आहेत, ते जरूर बघावेत. अटलांटिकचा वारा गवत उचकटून नेऊ नये यासाठीची ही युक्ती आहे. ९ जूनला कोलमकिल संताची पदयात्रा निघते, सुमारे पाच किलोमीटर आणि पंधरा थांबे. हिवाळ्यात लोकग्राम बंद असते.

तिथून ग्लेनगेश घाट उतरला की आर्डरा, आणि जवळच माहेराच्या गुहा. जिवाला धोका असेल तर इथे. गुहांत फक्त ओहोटीला जाता येते. उधाणाच्या दिवसांत पाणी साडेतीन मीटरपर्यंत चढते, आणि वाळू सपाट असल्याने ते मागून वेढा घालते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी वाळूवर उतरावे आणि पाणी फिरताच परतावे. भरती-ओहोटीचे बरेचसे तक्ते ग्रीनिच वेळेत छापलेले असतात. उन्हाळ्यात आयर्लंडचे घड्याळ तासभर पुढे असते, तो तास मिळवून घ्यावा लागतो. हे विसरले की सगळा हिशेब तासाने चुकतो. इथे पोहू नये, प्रवाह ओढून नेतात. कुणी अडकलेले दिसले तर ११२ लावून कोस्ट गार्ड मागावे.

आपल्या पुरवणीत अशा सहलींचा आराखडा छापाल तेव्हा हॉटेलांच्या यादीशेजारी ओहोटीची वेळ कशी बघायची आणि माग कोणत्या वारी चालतात, एवढ्या दोन ओळी अवश्य द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे