निरोच्या थडग्यावरची फुलं

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालास, ‘रोम जळत होतं आणि निरो फिडल वाजवत होता.’ ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

फिडल तेव्हा नव्हतंच रे. रोमचा सम्राट निरो वाजवायचा ते किथारा नावाचं तंतुवाद्य. इ.स. 64 च्या जुलैत आग लागली तेव्हा तो समुद्रकाठच्या अँटियममध्ये होता. शहराच्या 14 विभागांपैकी 3 पार बेचिराख झाले, 7 मध्ये नुसते पडके अवशेष उरले. तो परतला, बेघरांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, धान्याचा भाव उतरवला. हे सांगणारा रोमन इतिहासकार टॅसिटस निरोचा कट्टर टीकाकार, म्हणून मला ते जास्त खरं वाटतं. जळत्या शहराकडे बघत निरोनं ग्रीक कथेतल्या ट्रॉय नगरीच्या विनाशाचं गाणं गायलं, ही अफवाही टॅसिटसनंच नोंदवलीय.

मी निरोची वकिली करत नाही. 59 साली त्यानं सख्ख्या आईला मारवलं. आगीचा आळ ख्रिस्ती लोकांवर घालून त्यांचे अमानुष हाल केले. जळालेल्या जागेवर स्वतःसाठी अवाढव्य सुवर्णमहाल उभारला. सिनेटमधल्या, म्हणजे रोमच्या उमराव-सभेतल्या घराण्यांना त्याचा तिटकारा होता, आणि इतिहास लिहिणारेही बहुतेक त्याच वर्तुळातले.

पण 68 च्या जूनमध्ये काय झालं बघ. सिनेटनं शत्रू ठरवलेल्या 30 वर्षांच्या निरोनं जीव दिला. त्याच्या अस्थी दोन दायांनी आणि एकेकाळची त्याची प्रेयसी अ‍ॅक्टी हिनं वडिलांकडच्या घराण्याच्या थडग्यात ठेवल्या. सम्राटाला शेवटी या तीन स्त्रिया उरल्या, आणि त्या तिघी कुठल्याच दरबारी मानाच्या नव्हत्या. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो, निरो मेल्याच्या आनंदात लोक रस्त्यांवरून धावले. तरी काहीजण पुढे कितीतरी काळ वसंतात, उन्हाळ्यात त्या थडग्यावर फुलं वाहत राहिले. रोमच्या पूर्वेकडच्या पार्थिया राज्याच्या राजानं सिनेटला कळवलं, निरोच्या स्मृतीचा मान राखा. पुढच्याच वर्षी किथारा वाजवणारा एक तोतया ‘मीच निरो’ म्हणत पूर्वेकडे उभा राहिला आणि माणसं त्याच्यामागे गेलीसुद्धा!

ती फुलं नेणारी माणसं कोण असतील? आगीनंतर त्याच्या बागेत निजलेली? तुला काय वाटतं ते सविस्तर लिही, फोनवर नको.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र