‘आढळले नाही’ म्हणजे शून्य नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नदीच्या पाण्यात शिसे, विहिरीत आर्सेनिक, गाळात कॅडमियम अशा बातम्या हल्ली वरचेवर छापून येतात. त्या यायलाच हव्यात. धातूंची अशी सूक्ष्म प्रमाणे मोजण्यात माझी २६ वर्षे गेली, त्यामुळे असा आकडा दिसला की माझी नजर आधी त्याच्या आजूबाजूला फिरते. कशावर मोजला? पाणी गाळून की न गाळता? ब्लँक, म्हणजे नमुना न घालता शुद्ध पाण्यावर घेतलेले रीडिंग, किती आला होता? यातले काहीही तिथे नसते. नुसत्या आकड्यावरून माणसे घाबरतात, नाहीतर निर्धास्त होतात. दोन्ही मी पाहिले आहे.

हे आकडे बहुधा आयसीपी नावाच्या यंत्रावर निघतात. क्वार्ट्झच्या टॉर्चमधून मिनिटाला साधारण १५ लिटर आर्गॉन सोडतात, भोवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून रेडिओ लहरींची ऊर्जा देतात आणि प्लाझ्मा पेटतो. तापमान ६ ते १० हजार केल्विन. सूर्याचा पृष्ठभागसुद्धा ५,८०० च्या आसपासच आहे. नमुन्याचे तुषार करून ते या प्लाझ्मात सोडतात, तेही शेकडा एकदोन भागच, बाकीचे पाणी निचऱ्याच्या नळीतून जाते. आत पोचलेल्या थेंबातले पाणी उडते, क्षार फुटतात, सुटे अणू आणि आयन उरतात. त्यांनी सोडलेला प्रकाश मोजला की ते आयसीपी-ओईएस, आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजले की आयसीपी-एमएस. यंत्राची जुळवणी करताना यट्रियम या धातूचे द्रावण सोडले की काळ्या काचेआड प्लाझ्मात लालभडक ठिपका उमटतो. तो मी शेकडो वेळा पाहिला असेन, पण पाहायचा कंटाळा कधी आला नाही.

आयसीपी-एमएस लिटरमधला नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, पकडू शकते. मात्र त्याला ओळखता येते ते फक्त वस्तुमान. आर्सेनिकचे वस्तुमान ७५. आर्गॉनचे ४०, क्लोरिनचे ३५. प्लाझ्मात हे दोघे एकमेकांना चिकटले की बेरीज ७५, आणि यंत्र त्यांना आर्सेनिक म्हणूनच मोजते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मचूळ विहिरीचा नमुना आमच्याकडे आला. आर्सेनिकचे रीडिंग जागतिक आरोग्य संघटनेच्या १० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या वर गेले. कॅलिब्रेशन, म्हणजे ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांवर केलेली यंत्राची पडताळणी, सरळ रेषेत होते, दोन्ही वेळचे रीडिंग जुळत होते. मी सही केली. लोकांनी ते पाणी पिणे बंद केले. पुढे काही दिवसांनी वेगळ्याच कामासाठी मी शुद्ध पाण्यात थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालून यंत्रावर लावले, तर ७५ वर आकडा चढला. त्या बाटलीत आर्सेनिक असण्याचे कारणच नव्हते. माझ्या पोटात गोळा आला. विहिरीचा राखून ठेवलेला नमुना काढला आणि या वेळी ७७ वर पाहिले, कारण क्लोरिनचा दुसरा समस्थानिक ३७ वस्तुमानाचा असतो आणि तो पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश. ७७ वरचा संकेत जवळपास त्याच प्रमाणात हजर होता. तो हिशेब वजा केल्यावर आर्सेनिक जेमतेम उरले.

अहवाल मागे घेतला. तिथल्या एका बाईंनी फोनवर विचारले, “मग आता प्यायचं ना पाणी?” त्यांना लगेच ‘हो’ म्हणण्याचा धीर मला झाला नाही. नमुना हायड्राइड पद्धतीने, म्हणजे आर्सेनिकचा वायू करून तो बाजूला काढून, पुन्हा तपासला, तेव्हाच त्यांना उलट फोन केला. आता बहुतेक यंत्रांत हेलियमचा कक्ष असतो. जोडीने आलेला आयन आकाराने मोठा, तो हेलियमवर जास्त आपटतो, ऊर्जा गमावतो आणि पुढे जाऊ शकत नाही. त्या वेळी आमच्याकडे तो नव्हता.

याच्या उलट चूक जास्त वेळा होते, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिलेले असते, बातमीत ते ‘शिसे नाही’ असे होते. समजा, त्या प्रयोगशाळेची पद्धत लिटरला २० मायक्रोग्रॅमच्या खालचे शिसे पाहूच शकत नाही. शिशाची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे. मग त्या पाण्यात १५ असले तरी अहवाल ‘आढळले नाही’ असेच म्हणणार. आम्ही ही शोधमर्यादा ब्लँकचे अनेक रीडिंग घेऊन, त्यांच्या प्रमाण विचलनाच्या, म्हणजे ती रीडिंग किती मागेपुढे होतात त्या मापाच्या, तिप्पट धरून काढतो. तिच्याशिवाय ‘आढळले नाही’ हे शब्द छापू नयेत असे माझे ठाम मत आहे.

गाळण्याचेही तसेच. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गेलेले ते विरघळलेले, असा संकेत आहे. गढूळ पाण्यात शिसे मुख्यतः मातीच्या कणांना धरून असते. नमुन्यात नायट्रिक आम्ल आधी घातले आणि मग गाळला, तर कणांवरचा धातू सुटून पाण्यात उतरतो आणि ‘विरघळलेले शिसे’ उगाच फुगते. एकाच घाटावरून, एकाच तासात भरलेल्या दोन बाटल्यांचे आकडे यामुळे कितीतरी वेगळे येतात, आणि दोन्ही प्रयोगशाळा खऱ्या असतात.

आणि हात. एकदा आठवडाभर आमच्या प्रत्येक नमुन्यात जस्त येत होते, ब्लँकमध्येसुद्धा. पाणी बदलले, आम्ल बदलले, बाटल्या पुन्हा आम्लात भिजवल्या. शेवटी सापडले ते आमच्याच पावडर लावलेल्या हातमोज्यांत. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचे वय काढत होते, तेव्हा त्यांनाही आधी प्रयोगशाळेत सगळीकडून येणाऱ्या शिशाशी झगडावे लागले. १९५६ साली त्यांनी ४५५ कोटी वर्षे हा आकडा प्रसिद्ध केला, त्यामागे वर्षानुवर्षांची ही साफसफाई होती. म्हणून ब्लँक न छापता दिलेल्या पीपीबीच्या, म्हणजे अब्जात किती भाग या मापातल्या, आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

क्रोमियमबद्दल एकच सांगते. प्लाझ्मात सगळे फुटून जाते, त्यामुळे विषारी षट्संयुजी क्रोमियम आणि तुलनेने निरुपद्रवी त्रिसंयुजी क्रोमियम यांचा एकत्रित आकडा मिळतो. दोन्ही वेगळे हवे असतील तर यंत्राच्या आधी क्रोमॅटोग्राफीने वेगळे करावे लागतात. बातमीत नुसते ‘क्रोमियम’ असेल, तर ते कोणते, हे वार्ताहराने विचारायलाच हवे.

हे सगळे पूर्ण अहवालात आतल्या पानांवर असायला हवे. वार्ताहरांनी फक्त निकालाचे पान न घेता पूर्ण अहवाल मागावा आणि प्रयोगशाळांनी तो द्यावा, एवढीच विनंती. मला असा फोन नोकरीत एकदाच आला. त्या तरुण वार्ताहराशी मी तासभर बोलले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत आकड्याआधी ‘न गाळलेल्या नमुन्यात’ हे तीन शब्द होते आणि कंसात शोधमर्यादा होती. ते कात्रण मी अजून जपून ठेवले आहे.

आपली,
एक निवृत्त रसायन विश्लेषक