डालमेनी स्ट्रीटच्या ड्रिल हॉलमध्ये काय झाले, ते का गाळले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटनमधल्या जुन्या ड्रिल हॉलांवरचा, म्हणजे हौशी स्वयंसेवक सैनिकांच्या कवायतीच्या इमारतींवरचा, लेख वाचला. मराठीत या इमारतींवर कोणी लिहीत नाही, त्यामुळे विषय निवडल्याबद्दल लेखकाचे मनापासून आभार. पण त्यात काही विधाने साफ चुकीची आहेत. एक गोष्ट तर गाळलीच आहे, आणि ती मला चुकांपेक्षा जास्त खटकली.

‘या हॉलांमध्ये सैनिक राहत असत’ असे छापले आहे. राहत नसत. दिवसा गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत राबणारा माणूस संध्याकाळी कवायतीला यायचा आणि ती आटोपली की घरी जेवायला जायचा. तिथे मुक्कामाला असे तो पगारी सार्जंट-प्रशिक्षक, आणि त्याचे कुटुंब. त्यांच्यासाठी लागूनच लहानसे घर बांधलेले असे. बाकी रचना ठरलेली: रस्त्याच्या बाजूला कचेऱ्यांची इमारत, मागे मोठा हॉल. पुढच्या भागात नोंदवह्यांची खोली, गणवेशाचे कोठार, अधिकाऱ्यांची बैठक आणि शस्त्रागार. शस्त्रागाराची खोली आजही ओळखता येते. खिडकी लहान आणि उंचावर, तिला जाड गज, भिंत शेजारच्या खोलीपेक्षा जाड, दार लोखंडी किंवा पत्रा ठोकलेले. भिंतीला रायफली उभ्या ठेवायच्या खाचांच्या फळ्या नसल्या, तरी त्या बसवलेल्या खुंट्यांची भोके बहुधा सापडतात.

दुसरे विधान : ‘सरकारने १९०८ मध्ये हे हॉल उभारले.’ स्वयंसेवक दलांच्या जागी आलेले टेरिटोरियल फोर्स १ एप्रिल १९०८ ला सुरू झाले, हे खरे. पण लेखातच उल्लेखलेला लंडनच्या चेनीज स्ट्रीटचा हॉल १८८२-८३ चा आहे, तो ब्लूम्सबरी रायफल्स या स्वयंसेवक दलाचा. लंडन स्कॉटिश या दुसऱ्या दलाचा बकिंगहॅम गेटचा हॉल १८८६ चा, लिंकन या इंग्लंडमधल्या शहराचा १८९०. मग १९०८ आले कुठून? स्वयंसेवक दलांना परवानगी देणारे युद्धमंत्री जोनाथन पील यांचे परिपत्रक १२ मे १८५९ चे. फ्रान्स चाल करून येणार या धास्तीतून ही दले उभी राहिली आणि सुरुवातीचा बराचसा खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. १८६३ च्या कायद्याने सरकारी अनुदान मिळू लागले, तेही माणशी : वर्षात ठरलेल्या कवायती आणि तपासणीची हजेरी पूर्ण करणाऱ्यामागे एक पौंड, नेमबाजीचा पाठ पुरा केल्यास आणखी दहा शिलिंग. एवढ्यात इमारत होत नाही. त्यामुळे वर्गणी, कर्ज, गावातल्या धनिकाची देणगी असे सगळे मार्ग धरावे लागत. लिंकनच्या हॉलसाठी पैसे दिले ते तिथला कारखानदार जोसेफ रस्टन याने.

आणि म्हणूनच ‘पुढे या वास्तूंचे पावित्र्य गेले, तिथे नाचगाणी होऊ लागली’ हे वाक्य अन्यायाचे आहे. नाचगाणी पहिल्यापासूनच होती. शनिवारचा नाच, मुष्टियुद्ध, जत्रेसारखे बाजार, गायनाचे जलसे यांच्या भाड्यातून कर्जाचे हप्ते फिटत. गावात बिनखांबी मोठी जागा बहुधा हीच असायची. लिंकनमध्ये १९०५ च्या विषमज्वराच्या साथीत ड्रिल हॉलमध्येच रुग्णांच्या खाटा टाकल्या होत्या. तिथे आता नाटके होतात म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. इमारत आजवर टिकली ती अशा वापरामुळेच.

आता मुख्य गोष्ट. एडिंबराच्या लीथ भागातल्या डालमेनी स्ट्रीटच्या हॉलचे मोठे रंगीत छायाचित्र आपण छापले. खाली ओळ : ‘येथे आता कलावंतांचे स्टुडिओ आणि छानसे कॅफे आहे.’ बस्स. या इमारतीबद्दल एवढेच सांगायचे होते?

हा हॉल रॉयल स्कॉट्स या रेजिमेंटच्या सातव्या बटालियनचा. टेरिटोरियल फोर्सचा माणूस कायद्याने फक्त मायदेशाच्या रक्षणाला बांधलेला असे. परदेशी जायचे तर त्याने वेगळी लेखी संमती द्यायची. सातव्या बटालियनच्या माणसांनी ती दिली होती. २२ मे १९१५ च्या पहाटे बटालियनचा निम्मा भाग स्कॉटलंडमधल्या लार्बर्टहून रेल्वेने लिव्हरपूलकडे निघाला, पुढे तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर जाण्यासाठी. ग्रेटनाजवळ क्विंटिन्सहिल इथे उत्तरेला जाणारी एक स्थानिक गाडी बाजूला घेण्यासाठी दक्षिणेकडच्या मुख्य मार्गावर उभी केली होती. सिग्नलमनची पाळी सकाळी सहाला बदलायची, पण आपसातल्या सोयीने नवा माणूस अर्ध्या तासाने आला आणि मधल्या नोंदी मागाहून वहीत उतरवत बसला. मार्ग अडलेला असताना सिग्नलच्या दांड्यावर आठवणीसाठी एक कडी अडकवायची असते. ती अडकवली नव्हती. मागच्या केबिनला मार्ग अडल्याचा संदेशही गेला नव्हता. ज्या गाडीतून तो स्वतः कामावर आला होता तीच समोर उभी आहे, हे नव्या पाळीचा माणूस विसरला आणि त्याने सैनिकांच्या गाडीला मार्ग दिला. सातला थोडी मिनिटे असताना टक्कर झाली. डबे रुळांवर विखुरले आणि जेमतेम मिनिटभरात लंडनहून ग्लासगोला जाणारी एक्स्प्रेस त्यांच्यावर आदळली. सैनिकांचे डबे जुने, लाकडी, आणि त्यांतले दिवे गॅसचे. गॅसच्या टाक्या फुटल्या, इंजिनातले निखारे पसरले आणि आग दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत राहिली.

दोनशेहून अधिक सैनिक गेले. नेमका आकडा आजही ठामपणे सांगता येत नाही, कारण बटालियनचा हजेरीपटच आगीत जळाला. कोण गाडीत होता आणि कोण नव्हता, हे सांगणारा कागदच उरला नाही. लीथचे लोक नावे वाचायला जमले ते याच हॉलच्या दारात. मृतदेह लीथला आणून ठेवले तेही याच हॉलमध्ये. २४ मे रोजी इथूनच अंत्ययात्रा रोझबँक दफनभूमीकडे निघाली. तिथे एकाच मोठ्या खड्ड्यात त्यांना पुरले.

एका ड्रिल हॉलची भरती आसपासच्या पाच-दहा गल्ल्यांतून व्हायची. शेजारी शेजाऱ्याबरोबर नाव घालायचा, भाऊ भावाबरोबर, गोदीतला जोडीदार जोडीदाराबरोबर. म्हणून एक गाडी जळाली की एकाच वस्तीतल्या घराघरांत माणूस गेला. त्या हॉलचा इतिहास हा त्या गल्ल्यांचा इतिहास आहे. कॅफेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. २००३ पासून एका कलासंस्थेने ही इमारत सांभाळली, हे चांगलेच झाले. तक्रार आहे ती अर्धे पान छायाचित्राला देऊन दोन ओळी या माणसांना न देण्याची.

इमारतीचा काळ कसा ओळखायचा, हे लेखात हवे होते. ते अवघड नाही. दारावरच्या दगडावर काय कोरले आहे ते पाहावे. नुसते क्रमांकासह ‘रायफल व्हॉलंटिअर्स’ असेल तर इमारत बहुधा १८८० च्या दशकातली किंवा त्याआधीची. रेजिमेंटच्या नावापुढे ‘व्हॉलंटिअर बटालियन’ असेल तर १८८१ च्या सैन्याच्या फेररचनेपासून १९०८ पर्यंतची. ‘टेरिटोरियल’ हा शब्द असेल तर त्यानंतरची. लंडनमध्ये मात्र हा नियम फसतो, कारण लंडनचा बराच भाग ज्यात मोडे त्या मिडलसेक्स परगण्याच्या अनेक दलांनी जुने क्रमांक १९०८ पर्यंत सोडले नाहीत. दगड नसेल तर मैलाला पंचवीस इंच या मापाचे ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशाखात्याचे, दोन लागोपाठचे नकाशे घ्यावेत. ज्यात ‘ड्रिल हॉल’ ही अक्षरे पहिल्यांदा दिसतील, त्याच्या आणि आधीच्या नकाशाच्या मधल्या काळातला हॉल धरावा. मग केलीची डिरेक्टरी, म्हणजे गावोगावच्या रहिवाशांची, धंद्यांची आणि संस्थांची छापील यादी, आणि स्थानिक वृत्तपत्रातली उद्घाटनाची बातमी शोधावी. इथे एक खाच आहे : १९०९-१० च्या सुमारास चाकांच्या स्केटिंगचे वेड आले आणि ओसरले. बंद पडलेली स्केटिंगगृहे मग काही दलांनी घेतली. अशा ठिकाणी इमारत आधीची आणि कवायत नंतरची असते. छत बघून वर्ष ठोकून देणाऱ्यांची इथेच फसगत होते.

छताबद्दलही लेखात एक शब्द नाही. मधे खांब आला की कवायतीची रांग मोडते, म्हणून सगळे डोके छतावर खर्च व्हायचे. पैसा असेल तिथे लोखंडी कैच्या, म्हणजे छत पेलणारे सांगाडे. लंडन स्कॉटिशच्या हॉलमध्ये तर सज्जेही छतालाच टांगलेले होते, खाली एक टेकू नाही. १९८० च्या दशकात ती जागा गेली तेव्हा ते छत आणि सज्जे उतरवून हॉर्सफेरी रोडच्या नव्या इमारतीत पुन्हा जोडले. पैसा कमी असेल तिथे बेलफास्ट कैची : वर धनुष्यासारखी वाकवलेली कड, खाली सरळ दांडा, मधे बांबूच्या ताटीसारखी पातळ पट्ट्यांची जाळी, सगळे खिळ्यांनी जोडलेले. स्वस्त, हलकी, भरपूर रुंदी झाकणारी. पण तिचे मरण ठरलेले असते. जिथे ती भिंतीवर टेकते तिथेच पन्हळ असते. पन्हळ तुंबली की पाणी मागे फिरते, लाकडाचे टोक आतून कुजते, कमान सपाट होऊ लागते आणि भिंत बाहेर ढकलली जाते. वरून रंग दिलेला असल्याने खालून काही दिसत नाही. टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहणे हीच खरी परीक्षा. दुसरा धोका आतल्या नेमबाजीच्या पट्टीचा. तिथे वर्षानुवर्षे गोळ्यांतल्या शिशाची धूळ वाळूत आणि फटींत साचलेली असते. ती कोरड्या झाडूने झाडली तर हवेत उडते आणि फुप्फुसात जाते. अशा खोलीत मुलांची शिबिरे भरवण्याआधी तपासणी करायलाच हवी.

आपल्याकडचा धागाही लेखकाच्या हातून सुटला. १८६९ च्या कायद्याखाली हिंदुस्थानातही स्वयंसेवक दले होती. जीआयपी आणि बीबीसीआय रेल्वेची दले मुंबईकरांच्या ओळखीची. पण ती मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांची. १८८६ मध्ये दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखालच्या कोलकाता काँग्रेसने हिंदी लोकांना स्वयंसेवक होऊ द्यावे, असा ठराव केला. ती दारे थोडीफार उघडली ती पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्सच्या वेळी. लीथच्या गोदी कामगाराला जे सहज मिळत होते ते इथे ठराव करून मागावे लागत होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको होते का?

जाता जाता मोजमापांबद्दल. नेमबाजीची पट्टी ‘२५ फूट’ छापली आहे. ती २५ यार्ड, म्हणजे ७५ फूट, साधारण २३ मीटर. २५ फुटांवर नेम धरायला शिकवून उपयोग काय? पुरवणीत एकके अशी बदलण्याचे प्रकार वाढले आहेत. मागे किल्ल्यांच्या उंचीतही फूट आणि मीटर यांची अदलाबदल झाली होती आणि दुरुस्ती शेवटपर्यंत आली नाही. या वेळी दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, पुरवणीतच हवी. डालमेनी स्ट्रीटच्या छायाचित्राखालची ओळ आपल्या संकेतस्थळावर अजून तशीच आहे. तिथे २२ मे १९१५ ही तारीख आणि रॉयल स्कॉट्सच्या सातव्या बटालियनचे नाव घालावे. जागा कमी असेल तर कॅफे काढावे.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे