हातात हात घेतल्याने एचआयव्ही होत नाही, हे पोरांना सांगायचं कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत विश्रामबागेत माझं औषधाचं दुकान आहे. रात्री गिऱ्हाईक कमी झालं की एखादा कॉलेजचा पोरगा येतो, उगाच खोकल्याच्या गोळ्या घेतो आणि सुट्टे पैसे मोजता मोजता विचारतो, "काका, एचआयव्हीची तपासणी कुठं होते?" खोदून विचारावं तर संभोग झालेलाच नसतो. मिठी, चुंबन, फार तर हाताने किंवा कपड्यांवरून काहीतरी. पण झोप उडालेली असते आणि तोंड आलं तरी एड्सच वाटतो.

हा विषाणू रक्त, वीर्य, योनीतला किंवा गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतूनच जातो. तेही ते दुसऱ्याच्या रक्तात किंवा आतल्या नाजूक त्वचेपर्यंत पोचलं तर. लाळ, घाम, अश्रू यांतून जात नाही. धडधाकट कातडी त्याला भेदता येत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या प्रकारांत एचआयव्हीची भीती बाळगायचं कारण नाही. मुखमैथुनात धोका फार कमी, पण तोंडात जखम असेल तर शून्य म्हणता येणार नाही. आणि एचआयव्ही नाही म्हणून सगळं माफ, असंही नाही. जननेंद्रियावरची नागीण (हर्पिस) किंवा सिफिलिससारखे आजार नुसत्या त्वचेच्या स्पर्शानेही होऊ शकतात. अंगावर फोड, चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवावंच.

अशाच एका पोराने मला रिपोर्टांची चळत दाखवली होती. खासगी लॅबमध्ये तीच तपासणी पुन्हा पुन्हा, सगळे निगेटिव्ह. नेमकं काय घडलं, हे मात्र त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पैसे घेताना कशाला विचारतील म्हणा! सिव्हिलमध्ये हीच तपासणी फुकट होते, समुपदेशक बोलतो, आणि २०१७ च्या कायद्याने नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

उलट ज्यांना खरा धोका असतो, ते उशिरा येतात. कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतलं की लागण बहुतेक टळते. जितकं लवकर तितकं बरं. आमच्याकडे माणूस आठवड्याने उगवतो.

इथल्या गोकुळनगर या वेश्यावस्तीतल्या बायकांनी नव्वदच्या दशकात न लाजता कंडोमचा प्रचार केला. त्याच सांगलीत शिकलेली पोरं आज इतकी अंधारात!

एसटी स्टँडच्या मुतारीत गुप्तरोगवाल्या वैदूंच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. आरोग्य खात्याने त्याच भिंतीवर १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आणि सिव्हिलच्या तपासणी केंद्राची वेळ ठळक अक्षरांत लावावी, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करतो.

आपला,
एक औषधविक्रेता, विश्रामबाग, सांगली